पिवळ्या रेषेच्या अलीकडे

मालेगावहून धुळ्याला मी किती वेळा गेले असेन, याची गणती नाही. लग्नकार्याला, पेपर तपासणीला, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, कधी दवाखान्यात कुणाला बघायला. मुंबई-आग्रा महामार्गावर झोडगे मागे पडलं आणि लळिंगचा किल्ला दिसू लागला की उतरायची तयारी करायची, इतका तो रस्ता पाठ आहे. पण धुळ्याच्या विमानतळावर जायची वेळ कधी आली नव्हती. शहराबाहेर गोंदूरच्या शिवारात विमानतळ आहे आणि तिथे मुलं-मुली विमान चालवायला शिकतात, हे मला माझी भाची तिथे दाखल झाली तेव्हा नीट कळलं.

गेल्या डिसेंबरात मी खास त्याच कामासाठी निघाले. पिशवीत आपाने दिलेला शामी कबाबांचा डबा होता आणि डोक्यावर दुल्हेभाईंचा हुकूम होता. "तू जा आणि तिला घेऊन ये. झालं तेवढं शिक्षण पुरे."

त्यांनी हे काम मलाच का सांगितलं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी भाचीने बारावीनंतर वैमानिक व्हायचं म्हटलं, तेव्हा घरात एकटी मी तिच्या बाजूने बोलले होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दुल्हेभाईंना मी हिजाब इम्तियाज अली यांचं उदाहरण दिलं होतं. हैदराबाद दख्खनमध्ये जन्मलेल्या या उर्दू कथालेखिकेने 1930 च्या दशकात लाहोरला विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता. आपल्या आजीच्या पिढीतल्या बाईला जे जमलं ते आपल्या मुलीला का जमणार नाही, असं मी मोठ्या आवाजात विचारलं होतं. दुल्हेभाईंचे यंत्रमाग आहेत. त्यांनी एक प्लॉट विकला, वर कर्ज काढलं. मोहल्ल्यात लोक काय बोलले ते लिहीत नाही, वाचकांना अंदाज आहेच. म्हणून मुलगी अडचणीत आली तेव्हा त्यांनी माझ्याकडेच बघितलं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

अडचण काय, ते आम्हाला फोनवर नीट कळलं नव्हतं. रात्री इशाच्या नमाजनंतर तिचा फोन आला होता. एवढंच म्हणाली, "खाला, मी रेषा ओलांडली." मग रडू लागली. मुलीच्या तोंडून असं वाक्य ऐकल्यावर घरच्यांच्या मनात काय काय येतं! खुलासा व्हायला अर्धा तास गेला. रेषा म्हणजे खरोखरचीच रेषा होती, विमानतळाच्या डांबरावर रंगवलेली.

गोंदूरच्या माळावर

सकाळी दहाच्या सुमारास रिक्षाने मला फाटकाशी सोडलं. परवानगीचा कागद दाखवून मी आत गेले. आपण विमानतळ म्हटलं की मुंबईची गर्दी, ट्रॉल्या, घोषणा डोळ्यांपुढे येतात. इथे त्यातलं काही नव्हतं. उघडा माळ, वाळलेलं गवत, मधून गेलेली काळी धावपट्टी आणि खांबावर वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी. त्या पिशवीवरून वारा कुठून आणि साधारण किती जोराने येतोय ते वैमानिकाला कळतं. शेडमध्ये छोटी विमानं उभी होती. एकाजवळ गेले तर ते माझ्या भावाच्या मोटारीएवढंच वाटलं. चार माणसं बसतील एवढं सेसना, माणसं आणि इंधन धरून वजन अकरा-बाराशे किलोच्या आसपास.

भाची आली, सलाम केला आणि मान खाली घालून उभी राहिली. तिला जवळ घेतलं. मग तिचे प्रशिक्षक कॅप्टन साहेब आले. मला वाटलं होतं तक्रारींचा पाढा ऐकावा लागेल. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात ना? मग आधी समजून घ्या, मग ठरवा. तिलाच तुम्हाला शिकवू दे. तिचाही अभ्यास होईल."

म्हणून त्या दिवशी माझी भाची माझी शिक्षिका झाली. आमचं बोलणं उर्दूत झालं, इथे मराठीत देते.

पहिली गोष्ट मला तिथे कळली ती ही, की विमान जमिनीवर हातांनी नाही, पायांनी वळवतात. समोरचं हँडल कितीही फिरवलं तरी जमिनीवर विमान वळत नाही. पायाखालच्या दोन पेडलांनी पुढचं चाक वळतं आणि त्याच पेडलांच्या वरच्या भागात ब्रेक असतात. इंजिनाच्या जोरावर विमान असं जमिनीवरून चालवत नेणं, याला टॅक्सी करणं म्हणतात. वेग किती? भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. मी म्हटलं, "मग यात अवघड काय? रिक्षासुद्धा याहून जोरात जाते."

"तेच तर," ती म्हणाली. "हवेतली भीती सगळ्यांना असते, म्हणून हवेत सगळे जागे असतात. जमिनीवर आलो की वाटतं, झालं आता, पोहोचलो."

रंगांची भाषा

मग तिने वहीत नकाशा काढून मला विमानतळाची बाराखडी शिकवली. वाचकांपैकी अनेकांच्या घरचं कुणीतरी उमऱ्याला, हजला किंवा आखातात नोकरीला जात असतं. खिडकीतून हे सगळं दिसतं, पण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नसतो. म्हणून थोडक्यात लिहिते.

धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या असतात. धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटांना टॅक्सी-वे म्हणतात, त्यांच्यावरच्या खुणा पिवळ्या. रात्री टॅक्सी-वेच्या कडेला निळे दिवे आणि मधोमध हिरवे, तर धावपट्टीच्या कडेला पांढरे. पाट्याही रंगांनी बोलतात. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता या वाटेवर आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे ती वाट त्या बाजूला आहे. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की समजायचं, समोर धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पुढे जायचं नाही.

धावपट्टीला नावही आकड्याचं असतं, आणि तो आकडा दिशेचा असतो. होकायंत्रावरची दिशा अंशांत घ्यायची आणि दहाने भागायचं. पूर्वेकडे तोंड असेल तर 90 अंश, म्हणून धावपट्टी 09. तीच पट्टी उलट टोकाने वापरली तर 270 अंश, म्हणून 27. वैमानिकाने उड्डाणाआधी विमान पट्टीवर सरळ केलं की समोरच्या यंत्रातली दिशा आणि पट्टीचा आकडा जुळतात का, ते पाहायचं. जुळत नसतील तर आपण चुकीच्या पट्टीवर आहोत.

आणि मग ती रेषा. टॅक्सी-वे जिथे धावपट्टीला मिळते त्याच्या जरा आधी रस्त्यावर आडव्या चार पिवळ्या रेषा असतात. दोन सलग, दोन तुटक. सलग रेषा ज्या बाजूला, त्या बाजूने येणाऱ्याने थांबायचं. तुटक बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्याने ओलांडायचं आणि पूर्ण विमान रेषेपलीकडे नेऊनच उभं राहायचं. मोठ्या विमानतळांवर याच जागी लाल दिव्यांची ओळ असते. ते दिवे पेटलेले असताना टॉवरने पुढे या म्हटलं, तरी वैमानिकाने ओलांडायचं नसतं. आधी विचारायचं, दिवे का पेटले आहेत.

मला एकदम मशिदीतल्या सफेच्या रेषा आठवल्या. लहान मुलांना आपण सांगतो, टाचा रेषेवर ठेवा, पुढे सरकू नका. तिथे पुढे सरकलेल्या मुलाला शेजारचा हात धरून मागे घेतो. इथे शेजारी कुणी नसतं.

अनोळखी विमानतळ

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यात एक मोठा प्रवास सांगितलेला आहे, किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून थोडा जास्त. त्यात वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. म्हणजे शिकणाऱ्या मुलांना मुद्दाम अनोळखी दारात पाठवलं जातं. भाची तशाच प्रवासाला एकटी गेली होती.

दुसरा थांबा एका मोठ्या विमानतळावर होता. नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. उतरली व्यवस्थित, इंधन घेतलं, दुपार कलल्यावर परतीला निघाली. टॉवरने सांगितलं, अमुक वाटेने या आणि धावपट्टीच्या आधी थांबा. तिने ते शब्दशः परत म्हणून दाखवलं. तसा नियमच आहे. धावपट्टीच्या आधी थांबण्याची किंवा ती ओलांडण्याची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची, नुसतं हो म्हणून चालत नाही.

"मग चुकलं कुठे?" मी विचारलं.

"डोक्यात इथला नकाशा होता, खाला. आपल्या रोजच्या विमानतळावर मी वळण घेते आणि मग रेषा येते. तिथे रेषा वळणाच्या आधीच होती. ऊन डोळ्यांवर होतं. विमानतळाचा नकाशा छापून नेला होता, पण तो पिशवीत मागच्या सीटवर. त्याच वेळी मी मांडीवरच्या कागदात पुढच्या रेडिओचा नंबर शोधत होते. मान वर केली तेव्हा पुढचं चाक रेषेवरून गेलं होतं."

तिने ब्रेक दाबला. विमान थांबलं, पण रेषेच्या पुढे एका विमानाएवढ्या अंतरावर. धावपट्टीवर ती गेली नव्हती. पण रेषा आणि धावपट्टी यांच्यातली जागासुद्धा राखीव असते. विमान, गाडी किंवा माणूस तिथे परवानगीशिवाय असणं हीच धोक्याची घटना मानली जाते. त्या क्षणी एक प्रवासी विमान उतरायला येत होतं. टॉवरने त्याला न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं. ते तिच्या समोरून मोठ्या आवाजात वर गेलं.

"त्यात माणसं होती, खाला," ती म्हणाली. "खिडक्या दिसत होत्या."

टॉवर तिच्याशी बोलण्याआधी तिने स्वतःच रेडिओवर सांगितलं होतं की मी थांबायच्या रेषेच्या पुढे आले आहे आणि उभी आहे. परत आल्यावरही तिनेच कॅप्टन साहेबांना सगळं सांगितलं आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्यावर चौकशी झाली आणि ठरलं की काही दिवस एकटीने उडायचं नाही, जमिनीवरचा अभ्यास पुन्हा करायचा. दुल्हेभाईंपर्यंत मात्र एवढंच पोहोचलं होतं की मुलीचं उड्डाण बंद केलं.

लिनातेचं धुकं

जुहरची नमाज आम्ही शेजारच्या खोलीत अदा केली, डबा उघडला. तिने दोन घास खाल्ले आणि टेबलावरचे कागद माझ्याकडे सरकवले. कॅप्टन साहेबांनी तिला एका जुन्या अपघाताचा अभ्यास करायला सांगितलं होतं. इटलीतल्या मिलान शहराचा लिनाते विमानतळ, 8 ऑक्टोबर 2001.

त्या सकाळी दाट धुकं होतं. लहान विमानांच्या आवारातून एक छोटं सेसना जेट निघालं. त्यात दोन वैमानिक आणि दोन प्रवासी. आवारातून थोडं पुढे वाट दुभंगत होती. एक वाट, आर-5, डावीकडे उत्तरेला वळून धावपट्टीच्या टोकाला वळसा घालत होती. दुसरी, आर-6, उजवीकडे जाऊन थेट मुख्य धावपट्टी ओलांडत होती. टॉवरने सांगितलं होतं, आर-5 ने उत्तरेकडे जा. वैमानिकाने परत म्हणताना आर-5 म्हटलं, पण 'उत्तरेकडे' हा शब्द गळला. टॉवरच्या ते लक्षात आलं नाही. धुक्यात विमान आर-6 वर गेलं.

मग वैमानिकाने टॉवरला सांगितलं की आपण एस-4 या खुणेजवळ आलो आहोत. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण टॉवरमधल्या माणसाच्या नकाशात नव्हती. ती कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. विमान योग्य वाटेवरच असणार असं धरून त्याने पुढे जायला सांगितलं. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या दिवसांत चालू नव्हतं. जुनं काढलेलं, नवं अजून सुरू झालेलं नव्हतं. पाट्या आणि खुणा नियमाप्रमाणे नव्हत्या. सेसना पेटलेले लाल दिवे ओलांडून धावपट्टीवर आलं. त्याच वेळी कोपनहेगनला निघालेलं स्कँडिनेव्हियन कंपनीचं विमान, 110 माणसांसह, पूर्ण वेगाने धावत होतं.

त्या मोठ्या विमानातले सगळे, सेसनामधले चौघे आणि सामानाच्या इमारतीत काम करणारे चार कामगार, मिळून 118 माणसं गेली. धुकं इतकं होतं की मोठ्या विमानाची आग विझवायला लोक धावले, पण धावपट्टीवर पडलेलं छोटं विमान सापडायला वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. 2004 च्या जानेवारीत तपासाचा अहवाल आला. त्यात वैमानिकांची चूक होती, तशीच दिवे, पाट्या, नकाशे, रडार आणि कामाच्या पद्धती यांच्यातली उणीवही मांडली होती. इतक्या कमी दृश्यमानतेत तिथे उतरण्याची त्या वैमानिकांची पात्रताही नव्हती, हेही पुढे आलं. विमानतळाजवळच्या फोर्लानिनी बागेत आज बीचची 118 झाडं आहेत, प्रत्येक माणसामागे एक.

भाचीने आणखी दोन नावं सांगितली. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धुक्यात धावपट्टीवरच आदळली, 583 माणसं गेली. ती दोन्ही विमानं दुसऱ्या विमानतळाकडे निघालेली होती, ऐन वेळी तिथे वळवलेली. त्यातलं एक धावपट्टीवरून चालत असताना त्याला सांगितलेलं बाहेर पडायचं वळण चुकलं होतं. दुसरी घटना अमेरिकेतल्या सेंट लुईसची, 22 नोव्हेंबर 1994. एका छोट्या सेसनाचा वैमानिक ज्या पट्टीवर उतरला होता, त्याच पट्टीवरून उडायचं आहे असं धरून चालला. त्याला सांगितलेली पट्टी वेगळी होती. रात्रीची वेळ होती, मागून प्रवासी विमान धावत आलं. सेसनामधले दोघे गेले, मोठ्या विमानातले लोक अल्लाहच्या कृपेने बचावले.

हो मॅडम, समजलं

मी वीस वर्षं वर्गात उभी राहते. प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं की वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एक, ज्यांना कळलं नाही आणि ती विचारतात. दुसरी, ज्यांना कळलं नाही आणि ती मान डोलवतात, "हो मॅडम, समजलं." दुसऱ्या प्रकारची मुलं जास्त असतात, आणि खरं सांगायचं तर ती आम्ही शिक्षकांनीच घडवलेली असतात. विचारणाऱ्याला आपण हसतो, नाहीतर रागावतो. घरातही तेच. पाहुण्यांपुढे मुलाने एखादी गोष्ट माहीत नाही म्हटलं की आपली मान खाली जाते.

लिनातेच्या कागदांत मला ती मान डोलवण्याची सवय पुन्हा पुन्हा दिसली. वैमानिकाने ऐकलेलं सगळं परत म्हटलं नाही. टॉवरने गळलेला शब्द मागितला नाही. एस-4 कुठे आहे, असं सरळ विचारलं गेलं नाही. एक प्रश्न आणि दोन मिनिटांचा उशीर, एवढंच लागणार होतं.

आपल्याकडे तर याची चांगली परंपरा आहे. मदरशात मूल उस्तादांना सबक सुनावतं, नुसतं पाठ झालं म्हणत नाही. एक अक्षर चुकलं तरी उस्ताद तिथेच थांबवतात. तरावीहमध्ये हाफिज साहेब अडखळले तर मागच्या सफेतला हाफिज लुक्मा देतो, आणि इमाम तो घेतात. त्यात इमामांचा अपमान होत नाही, आणि मागच्याने गप्प राहणं हा अदब ठरत नाही. टॉवर आणि वैमानिक यांच्यातलं परत म्हणणं मला अगदी तसंच वाटलं. म्हणणारा आणि ऐकणारा दोघंही जागे असले तरच त्याला अर्थ.

भाचीच्या वहीतलं पान

कॅप्टन साहेबांनी तिच्याकडून स्वतःसाठी नियम लिहून घेतले होते. अनोळखी विमानतळावर छोटं विमान नेताना काय करायचं, ते तिच्याच शब्दांत असं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या विमानतळाचा नकाशा घेऊन बसायचं आणि पेन्सिलने दोन वाटा काढायच्या, उतरल्यावर कुठून बाहेर पडू आणि परत निघताना कुठून जाऊ. नकाशावर चुका होण्याच्या जागा गोल करून दाखवलेल्या असतात, त्या आधी बघायच्या. तो नकाशा पिशवीत नाही, मांडीवर ठेवायचा. टॉवरने सांगितलेली वाट ऐकताना लिहून घ्यायची, मग लिहिलेलं वाचून परत म्हणायची. विमान चालत असताना कागद, रेडिओचे नंबर, तपासणीची यादी यांतलं काही करायचं नाही. करायचंच असेल तर थांबून करायचं. चालत असताना डोळे बाहेर. बोलायला सोबती असेल तर टॅक्सी करताना गप्पा बंद.

परवानगी मिळाली तरी धावपट्टी ओलांडण्याआधी डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना बघायचं, आकाशातही, आणि विमानाचे दिवे लावायचे. वाटेत एकाहून जास्त धावपट्ट्या असतील तर प्रत्येक पट्टी ओलांडायला वेगळी परवानगी लागते, एकीची परवानगी दुसरीला चालत नाही. मोठ्या जेट विमानाच्या मागे जवळ जायचं नाही. त्याच्या इंजिनाच्या झोताने छोटं विमान उलटू शकतं. आणि शेवटचा नियम तिने दोन रेघा मारून लिहिला होता. जरा जरी शंका आली तर आहे तिथे थांबायचं आणि सांगायचं की मी या विमानतळावर नवी आहे, मला वाट समजली नाही. थांबायचं मात्र धावपट्टीवर नाही. चुकून धावपट्टीवर असलो तर आधी सांगायचं आणि लगेच बाहेर पडायचं.

मी विचारलं, "असं म्हटल्यावर टॉवरवाले रागावत नाहीत?"

कॅप्टन साहेबांनी उत्तर दिलं. "कधी आवाज चढतो. चढू दे. मग ते एकेक वळण सांगत नेतात, किंवा पुढे चालणारी गाडी पाठवतात. तिच्या मागे 'फॉलो मी' असं लिहिलेलं असतं. मी पंचवीस वर्षं उडवतोय, मीही ती गाडी मागितलेली आहे."

हे ऐकून भाची पहिल्यांदा हसली. इतक्या अनुभवी माणसालाही वाट विचारावी लागते, हे तिला बहुधा त्याच वेळी पटलं.

परतीची एसटी

असरनंतर मी निघाले. तिला सोबत आणलं नाही. फाटकाशी उभी असताना एक छोटं विमान धावपट्टीकडे निघालेलं दिसलं. रेषेपाशी येऊन थांबलं. बराच वेळ थांबलेलं होतं. सकाळी मला वाटलं असतं, हा नुसता वेळ घालवतोय. आता मी मनातल्या मनात मोजत होते, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

घरी पोहोचल्यावर दुल्हेभाई माझ्या मागे कुणी आहे का ते बघत होते. मी एकटीच आहे हे बघून ते काही बोलले नाहीत. मी बसले, पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. रेषा, ऊन, पिशवीतला नकाशा, ते वर गेलेलं विमान, खिडक्या. काहीही लपवलं नाही. मोठ्या विमानातली माणसं वाचली ती टॉवरमधला माणूस जागा होता म्हणून, हेही सांगितलं. आपा दुपट्ट्याने डोळे पुसत होती.

दुल्हेभाईंनी एकच प्रश्न विचारला. "तिने स्वतः सांगितलं, की पकडली गेली?"

"स्वतः सांगितलं. टॉवरने विचारण्याआधी."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागावर धागा तुटला तर चांगला कारीगर माग थांबवतो, धागा जोडतो, मग पुढे विणतो. कच्चा कारीगर तसंच चालवत राहतो. पूर्ण थानात ऐब येतो आणि मला बाजारात कळतं. धागा तुटला म्हणून मी कुणाला काढत नाही. लपवला तर काढतो." मग उठून त्यांनी तिला फोन लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी आपाला घेऊन स्वयंपाकघरात गेले.

आईवडिलांना मला एवढंच सांगायचं आहे. आपली मुलं आज दूरदूरच्या अनोळखी ठिकाणी जात आहेत. कुणी विमान चालवायला, बहुतेक जण शिकायला किंवा नोकरीला. आपण त्यांना सवारीची दुआ शिकवतो, ती शिकवावीच. त्याच्या जोडीला आणखी दोन वाक्यं न लाजता म्हणायला शिकवावीत. "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." आणि, "माझ्याकडून चूक झाली आहे." ही वाक्यं मूल बाहेर म्हणेल की नाही, ते घरात ती म्हटल्यावर त्याला काय ऐकावं लागतं यावर ठरतं.

आणि तुम्ही पुढच्या वेळी उमऱ्याला निघालात आणि विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन उगाच थांबलं असं वाटलं, तर घड्याळ बघून चिडू नका. पट्टा बांधलेला ठेवा, कारण चालतं विमान कधीही जोरात ब्रेक लावू शकतं. खिडकीतून बघा, लाल पाटी किंवा चार पिवळ्या रेषा दिसतील. पुढे बसलेलं कुणाचं तरी लेकरू त्या वेळी दोन्ही बाजूंना बघत असतं.

फेब्रुवारीत भाचीने तो मोठा प्रवास पुन्हा केला, त्याच विमानतळावर थांबून. संध्याकाळी मगरिबच्या सुमारास तिचा निरोप आला. लिहिलं होतं, "पोहोचले. तिथे वाट विचारली. रेषेच्या अलीकडे सहा मिनिटं उभी होते." दुल्हेभाईंनी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला.